खाडीकाठची कोपरी

शाळेच्या आठवणी निघाल्या की वर्ग, बाक आणि बाईंचा ओरडा यांच्याबरोबर आपल्याला हमखास आठवते ती खाडी. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की मीठबंदराच्या वाटेला लागायचं. ओहोटीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या पाहायच्या, एकच नांगी भली मोठी असलेले खेकडे बिळात पळाले की हसायचं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हे भूगोलाच्या पुस्तकाआधी चिखलात रुतलेल्या चपलांनी शिकवलं. या काठाचा इतिहास मात्र कुठल्याच इयत्तेत नव्हता. तो या स्मरणिकेत थोडक्यात मांडते.

एकेकाळी ठाण्याचं तोंड खाडीकडे होतं. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये किल्ला बांधायला घेतला तो खाडीवर नजर ठेवण्यासाठीच. 1737 मध्ये तो मराठ्यांनी जिंकला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. माल होड्यांतून यायचा-जायचा. मीठबंदर हे नावच त्या काळाची साक्ष आहे. उधाणाचं पाणी बांध घातलेल्या खाचरांत घ्यायचं, उन्हाने ते आटवत एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं आणि पावसाळ्यापूर्वी मीठ ओढून रास करायची, असं मिठागराचं काम. 'आगरी' हे समाजाचं नावही याच आगरांवरून आलेलं मानतात. शेजारी चेंदणीचे कोळी याच पाण्यावर जगत. आपण जिथे खेळलो, ते रान नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाची जागा होती.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले. हळूहळू गावाचं तोंड स्टेशनकडे वळलं, बाजारपेठ पश्चिमेला वाढली आणि खाडी मागच्या दारी गेली. मागच्या दारी जे टाकतात तेच तिच्या वाट्याला आलं: सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, भराव. आपल्या लहानपणी खाडीचा वास येतो म्हणून नाक दाबणारे पाहुणे आठवतात ना? त्या वासाचं खापर आपण खाडीवर फोडत होतो.

तरीही तिवरं टिकली. त्यांची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात, गाळ धरून ठेवतात आणि मासळीच्या पिल्लांना आसरा देतात. नव्वदच्या दशकापासून या खाडीत रोहित पक्ष्यांचे मोठे थवे येऊ लागले. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरं तोडायला आणि त्यांच्यापासून 50 मीटरपर्यंत बांधकाम करायला मनाई केली. 2018 च्या निकालात तर तिवरांचा नाश म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला, असं न्यायालयाने म्हटलं. 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये खाडीचं सुमारे 6,500 हेक्टर क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींच्या यादीत गेलं. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर हा मान मिळालेली ही तिसरी जागा.

आपल्याला यात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अभयारण्य ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यात आहे. आपली कोपरी त्याच्या वरच्या अंगाला. हद्द कागदावर आखता येते, पण भरतीचं पाणी तिथे थांबत नाही. आपल्याकडे पाण्यात पडलेली पिशवी ओहोटीबरोबर खाली जाणारच. आणि पक्ष्यांची गणना होते, नोंदी राहतात. पण जाळी विणणाऱ्या हातांची, मिठागरात राबलेल्यांची नोंद कोण ठेवणार?

आपल्या वर्गात कोळी आणि आगरी घरांतली मुलं-मुली होती. त्यांच्या घरी आजी-आजोबा असतील तर ते ऐंशी-नव्वदीच्या घरात असतील. तेव्हा एक विनंती: मेळाव्याला येताना जुने फोटो आणाच, पण त्याआधी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून माशांची, बंदरांची, बांधांची जुनी नावं लिहून आणा. उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे.