अंगठा दिला म्हणजे संमती झाली का? वैद्यकीय संशोधनात 'समजून दिलेली संमती' म्हणजे काय?

औषध किंवा लशीच्या अभ्यासात सहभागी होण्याआधी फॉर्मवर सही किंवा अंगठा घेतात. पण फॉर्ममध्ये काय लिहिलंय, हेच कळलं नसेल तर?

खम्मममध्ये काय घडलं?

२००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम (आता तेलंगणात) आणि गुजरातमधील वडोदरा इथे १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाचा कर्करोग रोखणारी एचपीव्ही लस देण्यात आली. प्रकल्प 'पाथ' ही अमेरिकी संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकारांचा होता. खम्मममधल्या अनेक मुली वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला.

चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध सिद्ध झाला नाही. मात्र संमतीतल्या त्रुटी उघड झाल्या. संसदेच्या स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार आंध्रातल्या ९,५४३ फॉर्मपैकी २,७६३ फॉर्मवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या आणि १,९४८ फॉर्मवर अंगठे.

म्हणजे लस चांगली असली, तरी संमती सदोष असू शकते.

नियम काय सांगतात?

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार:

- माहिती सहभागी व्यक्तीच्या भाषेत, सोप्या शब्दांत द्यायची.
- वाचता येत नसेल, तर समजावताना निःपक्ष साक्षीदार हजर हवा.
- लहान मुलांसाठी पालकांची संमती लागते. ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांचा लेखी होकारही हवा.

२०१९ च्या नियमांनुसार, नव्या औषधाच्या चाचणीत अशा असुरक्षित गटातील व्यक्तींची संमती घेताना व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं.

समजलं, हे ओळखायचं कसं?

"समजलं का?" असं डॉक्टरांनी विचारलं की बहुतेक जण मान डोलावतात. त्याऐवजी "घरी गेल्यावर घरच्यांना काय सांगाल?" असं विचारावं. "डॉक्टरांनी नवं औषध लिहून दिलंय" असं उत्तर आलं, तर हा उपचार नसून अभ्यास आहे हेच पोहोचलेलं नाही. मग पुन्हा समजावायला हवं.

तुमच्यासमोर फॉर्म आला तर हे विचारा:

- हा नेहमीचा उपचार आहे की संशोधन?
- धोका काय? इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार?
- नकार दिला किंवा मध्येच सोडलं, तर नेहमीचे उपचार सुरू राहतील ना? (राहायलाच हवेत.)
- फॉर्मची प्रत मला मिळेल ना?

उत्तरं मिळेपर्यंत सही न करण्याचा हक्क तुम्हाला आहे.