सम्राटाने लांबवलेला बाप्तिस्मा

१/ इ.स. ३३७. आजच्या तुर्कस्तानातील निकोमेडिया नगरीजवळ रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन मृत्युशय्येवर होता. ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणारा, चर्चे उभारणारा, ३२५ साली निकियाची धर्मसभा भरवणारा हा सम्राट स्वतः मात्र अद्याप पूर्णार्थाने ख्रिस्ती झालेला नव्हता. त्याचा बाप्तिस्माच व्हायचा होता.

२/ तो अखेरच्या आजारात झाला. येशूप्रमाणे जॉर्डन नदीत बाप्तिस्मा घ्यावा ही त्याची इच्छा राहून गेली. त्यानंतर त्याने राजचिन्ह असलेले जांभळे वस्त्र पुन्हा अंगावर घेतले नाही. २२ मे रोजी शुभ्र वस्त्रांतच त्याचे निधन झाले.

३/ इतका उशीर का? गोदावरीत पर्वणीगणिक बुडी मारता येते. बाप्तिस्मा मात्र आयुष्यात एकदाच. त्या एका स्नानाने तोवरची सर्व पापे धुतली जातात, अशी श्रद्धा होती. पुढे हत्या, व्यभिचार वा धर्मत्याग घडला तर जाहीर प्रायश्चित्ताचा एकच खडतर मार्ग उरे, आणि तोही पुन्हा मिळत नसे. ज्याने ३२६ साली पोटच्या मुलाला, क्रिस्पसला, देहदंड दिला, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागला नसेल.

४/ असा विचार करणारा तो एकटा नव्हता. इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनने लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा असाच सल्ला दिला होता. चौथ्या शतकात तर उच्चपदस्थांत ही जवळपास रीतच झाली. ३७४ साली मिलानच्या बिशपपदी निवड झाली तेव्हा खुद्द अँब्रोजचाही बाप्तिस्मा झालेला नव्हता!

५/ विरोधकांना आयतेच कोलीत मिळाले. कॉन्स्टंटाइनचा पुतण्या ज्युलियन पुढे सम्राट झाला आणि जुन्या देवतांकडे परतला. आपल्या एका उपहासात्मक लेखनात त्याने येशूच रंगवला : खुनी असोत वा व्यभिचारी, पाण्याने धुऊन त्यांना तत्काळ शुद्ध करून देणारा. टीका बोचरी होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

६/ लवकर बाप्तिस्मा घेणाऱ्याचे काय होई? सम्राट थिओडोसियस ३८० साली थेस्सलोनिकात गंभीर आजारी पडला, मरणाच्या भीतीने बाप्तिस्मा घेतला आणि बरा झाला. दहा वर्षांनी त्याच थेस्सलोनिकात त्याच्या सैन्याने नागरिकांची कत्तल केली. अँब्रोजने त्याला प्रभुभोजनाचा प्रसाद नाकारला. राजवस्त्रे उतरवून सम्राटाला जाहीर पश्चात्ताप करावा लागला.

७/ या रीतीवरचा सर्वांत खोल आक्षेप तिच्यातच वाढलेल्या एका माणसाने घेतला. ऑगस्टीन, जन्म ३५४, थागास्ते (आजचा अल्जीरिया). लहानपणी तो पोटदुखीने मरणासन्न झाला. आई मोनिकाने बाप्तिस्म्याची तयारी केली. मुलगा बरा झाला आणि विधी पुढे ढकलला गेला. मोठेपणी पापे होणारच, मग आताच का धुवायची? पुढे आत्मचरित्रात त्याने विचारले : रोग्याला कोणी अजून थोडे आजारी पडू देतो का?

८/ ३८७ च्या ईस्टरला अँब्रोजच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. परंतु आपण पूर्ण बरे झालो, असे त्याने लिहिले नाही. दोष धुतला गेला, ओढ राहिली. पाप हा केवळ डाग नाही, तर इच्छेलाच जडलेली व्याधी आहे आणि तिच्यापासूनची मुक्ती देवाच्या अखंड कृपेवाचून शक्य नाही, या मतावर तो स्थिरावला.

९/ ब्रिटनहून रोमला आलेल्या पेलाजियसला हे मत पटले नाही. त्याला नंतर पाखंडी ठरवले गेले, म्हणून तो खलनायक वाटतो. पण त्याचा राग रास्त होता. कृपेचे निमित्त करून सैल वागणारे ख्रिस्ती तो रोज पाहत होता. देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची शक्तीही माणसात असलीच पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद.

१०/ निवाडा झाला तो तान्ह्या मुलांवरून. उत्तर आफ्रिकेत अर्भकांचा बाप्तिस्मा पापक्षालनासाठीच होतो. मग ज्याने काहीच केले नाही त्याचे कोणते पाप धुतले जाते? ऑगस्टीनचे उत्तर : आदामापासून वारशाने आलेले. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने हेच मत उचलून धरले. पोप झोसिमस आधी पेलाजियसकडे झुकला होता. त्यालाही त्याच वर्षी निषेध करावा लागला.

११/ आता बाप्तिस्मा शेवटच्या श्वासाची नव्हे, पहिल्या दिवसांची घाई झाला. किंमत मात्र भयंकर होती. ज्या काळी कितीतरी अर्भके वर्षाच्या आत दगावत, त्या काळी बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाच्या वाट्याला, सौम्य का होईना, शिक्षाच येते असा या सिद्धान्ताचा अर्थ होता. ४१५ साली जेरोमला लिहिलेल्या पत्रात ऑगस्टीनने, या प्रश्नापाशी आपण पेचात सापडतो, अशी कबुली दिली. तरी मत बदलले नाही.

१२/ मध्ययुगीन पंडितांनी अशा बाळांसाठी ‘लिंबो’ कल्पिला : यातना नाहीत, पण देवदर्शनही नाही. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने या प्रश्नावर स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. खात्री देता येत नसली, तरी ही बाळे तारली जातील अशी आशा बाळगण्यास आधार आहे, असे त्यात म्हटले आहे.