पेत्सेरी : दोन्ही घरचा पाहुणा

माझ्या ऑफिसात एक एस्टोनियन बाई आहेत. तुमच्या आजीचे गाव कोणत्या देशात, असे विचारले की त्या उलट विचारतात, ‘कुठल्या साली?’ मला ती थट्टा वाटे. मग मी त्या पेत्सेरी जिल्ह्याचा इतिहास वाचला.

१९१८ पर्यंत पेत्सेरी (रशियन नाव पेचोरी) झारच्या प्स्कोव्ह प्रांतात होते. १४७३ साली स्थापन झालेला ऑर्थोडॉक्स मठ ही त्याची ओळख. आसपास रशियनांच्या शेजारी सेतो लोक राहत. त्यांची भाषा एस्टोनियनच्या जवळची, पण धर्म रशियनांचा; बाकीचे एस्टोनियन मात्र बहुतेक ल्युथरन. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, त्यातली गत!

२ फेब्रुवारी १९२० च्या तार्तू तहाने हा मुलूख नव्या एस्टोनियाकडे आला. जिल्ह्यात रशियन बहुसंख्य होते. सेतोंना आडनावे नसत. ती नव्या कारभाराने त्यांना दिली. एक लाभ मात्र मोठा झाला. सोव्हिएत रशियात मठांना टाळी लागत होती, तेव्हा पेत्सेरीचा मठ सीमेच्या अलीकडे म्हणून वाचला.

१९४० मध्ये सोव्हिएत आले, १९४१ मध्ये जर्मन, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत. त्या ऑगस्टमध्ये मॉस्कोने प्स्कोव्ह ओब्लास्त हा नवा प्रांत निर्माण केला आणि पेत्सेरी शहरासह जिल्ह्याचा मोठा भाग त्याला जोडला. उरलेला भाग एस्टोनियाच्या वाट्याला राहिला. जिल्हा म्हणून पेत्सेरी संपले. दोन्हीकडे सोव्हिएत राज्यच असल्याने ही रेषा कागदावरची होती. बाजार, चर्च, सोयरीक सारे पूर्वीसारखे चालू राहिले.

१९९१ मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला आणि ती कागदी रेषा खरीखुरी सीमा बनली. एस्टोनिया तार्तूच्या तहाकडे बोट दाखवी, रशिया १९४४ च्या रेषेकडे. २००५ आणि २०१४ मध्ये सीमाकरारावर सह्या झाल्या, पण करार अमलात आला नाही.

सेतो लोक सणाला पूर्वजांच्या कबरीपाशी बसून जेवतात. आमच्या बाईंच्या आजीची कबर पलीकडे आहे. तिथे जायला व्हिसा लागतो. आपणही व्हिसाच्या रांगांत उभे राहिलो आहोत, पण आपण घर सोडून आलो होतो. त्या आजीने तर गाव कधी सोडलेच नव्हते.