फ्रँकलिन शोधमोहिमा
अटलांटिकहून पॅसिफिककडे आर्क्टिकमधून जाणारा वायव्य सागरी मार्ग शोधण्यासाठी सर जॉन फ्रँकलिन १८४५ मध्ये ‘एरेबस’ व ‘टेरर’ ही जहाजे घेऊन इंग्लंडहून निघाले. आर्क्टिकमध्ये शिरलेल्या १२९ जणांपैकी कोणीही परतले नाही. १८५० मध्ये बीची बेटावर त्यांच्यापैकी तिघांची थडगी सापडली. शोधक जॉन रे यांनी १८५४ मध्ये तिथल्या मूळ रहिवासी इन्युइटांकडून ऐकलेली उपासमारीची व नरमांसभक्षणाची हकीकत कळविताच लंडनमध्ये गहजब उडाला. ती खरी असल्याचे पुढे हाडांवरील सुरीच्या खुणांनी दाखविले. फ्रँकलिन यांच्या पत्नी लेडी फ्रँकलिन यांनी पदरमोड करून पाठविलेल्या मॅक्लिंटॉक यांच्या तुकडीला १८५९ मध्ये किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीपाशी चिठ्ठी मिळाली. छापील कागदाच्या समासात खरडले होते: फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारले, एप्रिल १८४८ मध्ये जहाजे सोडली. ‘एरेबस’ २०१४ मध्ये, इन्युइट सांगत आले त्याच भागात सापडले. ‘टेरर’ २०१६ मध्ये.