सेनापती मीड आणि न झालेला हल्ला

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ साली पेटले आणि १८६५ साली विझले. त्यातील सेनापतींविषयीचे वाद मात्र अद्याप धुमसत आहेत. कोणी शहरे जाळली म्हणून, कोणी माणसे निष्कारण मरणाच्या तोंडी दिली म्हणून दूषणास पात्र ठरले. उत्तरेचा सेनापती जॉर्ज मीड याच्यावरील आरोप निराळा आहे. जो हल्ला त्याने केलाच नाही, त्याबद्दल तो अपराधी ठरला.

२८ जून १८६३ रोजी, उजाडण्यापूर्वीच, वॉशिंग्टनहून आलेल्या एका अधिकाऱ्याने त्याला झोपेतून उठविले, तेव्हा आपल्याला अटक होत आहे असेच त्याला प्रथम वाटले. हाती पडला तो पोटोमॅक सेनेच्या आधिपत्याचा हुकूम! तीनच दिवसांनी गेटिसबर्गची लढाई जुंपली. ती त्याने जिंकली. पण सुमारे २३,००० माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली आणि त्याच्या पायदळाच्या सात विभागप्रमुखांपैकी एक मारला गेला, दोघे जबर जखमी झाले.

दक्षिणेचा सेनानी रॉबर्ट ली भर पावसात माघारी वळला. पुढे पोटोमॅक नदी दुथडी भरून वाहत होती. होड्यांचा पूल उत्तरेच्या घोडदळाने आधीच मोडून टाकला होता. नकाशावर पाहता ली पुरता कोंडला गेला होता, आणि वॉशिंग्टनमध्ये बसून नकाशाच तेवढा दिसत होता. मीडला दिसत होते ते टेकाडांवरचे खंदक, तोफांचे मोर्चे आणि स्वतःची थकलेली, कित्येक ठिकाणी अनवाणी झालेली फौज. १२ जुलैच्या रात्री त्याने विभागप्रमुखांचे मत घेतले. बहुसंख्यांनी हल्ल्यास विरोध केला. दुसरा दिवस पाहणीत गेला. १४ तारखेस फौज पुढे सरकली, तेव्हा खंदक रिकामे होते. ली रातोरात नदीपार झाला होता.

अध्यक्ष लिंकन अतिशय व्यथित झाले. युद्ध संपविण्याची संधी हातची गेली, आता ते अनिश्चित काळ लांबणार, अशा आशयाचे पत्र त्यांनी मीडला लिहिले. मात्र ते पाठविले नाही. तरीही त्यांची नाराजी तारेने मीडच्या कानी गेलीच, आणि त्याने त्याच दिवशी पदमुक्तीची मागणी केली. ती मान्य झाली नाही. लिंकन यांचे दुःख खोटे म्हणता येणार नाही. युद्ध पुढे पावणेदोन वर्षे चालले. १३ जुलैचा दिवस दवडला, हा दोषही मीडच्या पदरी राहतोच. परंतु ते रिकामे खंदक ज्या उत्तरेकडील अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी कित्येकांना हल्ला झाला नाही हेच बरे वाटले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हर्जिनियातील माइन रन या ओढ्यापाशी तोच प्रसंग पुन्हा उभा राहिला. पलीकडे ली, पुन्हा खंदकांत. ३० तारखेच्या सकाळी हल्ला ठरला होता. थंडी हाडे गोठविणारी होती. प्रेताची ओळख पटावी म्हणून शिपायांनी आपली नावे कागदावर लिहून कोटाला टाचली होती, असे आठवणींत नमूद आहे. डावीकडील प्रमुख वॉरन याने पहाटेच्या उजेडात पाहिले, तो शत्रूचे मोर्चे रात्रीत कितीतरी बळकट झालेले. त्याने हल्ला थांबविला. मीड स्वतः तेथे गेला, त्याने पाहणी केली आणि सारा बेत रद्द केला. याची किंमत आपल्याला पदाने मोजावी लागेल, हे तो पुरते जाणून होता. हजारो शूर माणसांची जाणूनबुजून व्यर्थ कत्तल करविण्यापेक्षा अपमानित होऊन बडतर्फ होणे पत्करेन, असे त्याने पत्नीस लिहिले.

त्याचे पद गेले नाही, पण १८६४ च्या मार्चमध्ये ग्रँट सर्व सैन्यांचा प्रमुख होऊन त्याच्या शेजारी येऊन बसला. ३ जून रोजी कोल्ड हार्बर येथे खंदकांवर हल्ल्याचा हुकूम झाला, आणि नशिबाचा खेळ असा की, तो अमलात आणणारा मीडच होता. या खेपेस हल्ला थांबला नाही. त्यात ७,००० माणसे पडली असे जुने ग्रंथ सांगतात. अलीकडील संशोधकांनी हा आकडा बराच खाली आणला आहे. पण जखमी लोक दोन्ही फौजांच्या मध्ये ७ जूनपर्यंत पडून होते, यात वाद नाही. त्या हल्ल्याचा आपल्याला नेहमीच पश्चात्ताप वाटला, असे ग्रँटने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले. अर्थात तोवर तो राष्ट्राध्यक्षपद भूषवून मोकळा झाला होता.

मीड १८७२ साली वारला. त्याने आत्मचरित्र लिहिले नाही. त्याची पत्रे १९१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांत माइन रनचे ते पत्र आहे.