रागाला वाट देणारे गट

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मनातला संताप घरी आल्यावरही शमत नव्हता. सरकारी रुग्णालयांवर अनेकांचा विश्वास नव्हता. 1970च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिकांनी स्वतःच गटसंवाद सुरू केले. रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांत सहभागी झाले, पण वरिष्ठ म्हणून नव्हे, बरोबरीने. सैनिक अपराधभाव, शोक आणि फसवले गेल्याचा राग एकमेकांसमोर मांडत. ज्याने तेच सोसले, त्याच्यापुढे लाज गळून पडे. 1972 मध्ये शटन यांनी या व्यथेविषयी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले.

1979 मध्ये अमेरिकन काँग्रेसने माजी सैनिकांसाठी समुपदेशन केंद्रांना मंजुरी दिली. 1980 मध्ये आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकन मनोविकार निदानपुस्तिकेत स्थान मिळाले. दरम्यान, 1975 मध्ये रेमंड नोव्हाको यांनी रागनियंत्रणाची पद्धत मांडली होती: चिथावणी ओळखणे, विचार तपासणे, शरीर शिथिल करणे. पुढे अशी कौशल्ये माजी सैनिकांच्या गटांतही शिकवली जाऊ लागली. माजी सैनिकांच्या आजच्या गटोपचारामागे सैनिकांनी स्वतः मांडलेल्या त्या बैठकांचाही वाटा आहे.