शिष्यवृत्ती संपली तेव्हा...

बाबासाहेब परदेशात शिकले हे आपण दर जयंतीला सांगतो. पण त्या शिक्षणाला पैसा कुठून आला, हे पोरांना कोण सांगतं?

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पैशापायी एवढ्या विद्वानाचं शिक्षण अडलं!

मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. १९२० साली पुन्हा लंडन गाठलं आणि १९२३ साली ते डी.एस्सी. झाले.

ही अडचण ते विसरले नाहीत. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी आपल्या मुलांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळवल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं.

मी सातवी शिकलेला गिरणी कामगार. माझं म्हणणं एवढंच, शिष्यवृत्ती उशिरा येते, फीची तारीख थांबत नाही. त्या मधल्या महिन्यांत पोरगं कॉलेज सोडतं. जयंतीची वर्गणी आपण देतोच. त्यातला चौथा हिस्सा मुलांच्या फीसाठी वेगळा काढू या. ज्याला मदत झाली, त्यानं नोकरी लागल्यावर पुढच्याला हात द्यावा.

जयभीम! नमो बुद्धाय!